नळी, लाकूड आणि नेम : बंदुकीच्या 'बैठकी'चा दुर्लक्षित इतिहास

१/
१८५७ चा उठाव म्हटला की पाठ्यपुस्तकापासून चित्रपटापर्यंत एकच वस्तू पुढे येते : काडतूस. त्याला लावलेली चरबी, ते दातांनी तोडण्याचा हुकूम आणि त्यातून पेटलेला असंतोष. हे काडतूस ज्या बंदुकीत भरायचे होते, त्या एनफिल्ड रायफलीच्या लाकडाकडे मात्र कोणी पाहत नाही. तिची ३९ इंच लांबीची नळी तीन लोखंडी पट्ट्यांनी अक्रोडाच्या दस्त्याला बांधलेली होती. हा बांधा कसा बसला आहे, यावर गोळी नेमकी कुठे जाणार हे बरेचसे अवलंबून असे. हा धागा त्या सांध्याचा आहे. आणि नेम धरणारे शस्त्र कोणाच्या हाती द्यायचे व कोणाच्या हाती द्यायचे नाही, या जुन्या प्रश्नाचाही. #धागा #इतिहास

२/
या सांध्याला रायफलवाले 'बेडिंग' म्हणतात. मराठीत त्याला 'बैठक' म्हणावे. नळी आणि तिच्यामागचा पोलादी सांगाडा (यालाच 'बॉडी' किंवा 'रिसीव्हर' म्हणतात) लाकडाच्या दस्त्यात कुठे टेकतो, किती दाबाने टेकतो आणि प्रत्येक वेळी तिथेच टेकतो का, हा सगळा बैठकीचा विषय.

अकोल्याच्या जठारपेठेत ज्या घरांना अजून सागवानी दारे आहेत, तिथे हे फारसे समजावून सांगावे लागणार नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा दाराची झडप चौकटीत खडखडते. आषाढात तीच झडप फुगून उंबरठ्याला घासू लागते आणि सुताराला बोलावून रंधा मारून घ्यावा लागतो. झाड तोडले, फळ्या झाल्या, वर्षे लोटली, तरी लाकूड हवेतले पाणी प्यायचे आणि सोडायचे थांबत नाही. दार अडले तर खांदा लावता येतो. बंदुकीत तेच घडले तर गोळी चुकते, आणि चुकीचा दोष बहुधा बंदूक धरणाऱ्याच्या माथी येतो.

३/
प्रारंभ तोड्याच्या बंदुकीपासून करावा लागेल. मराठ्यांच्या, निजामाच्या आणि मोगलांच्या सैन्यांत शतकानुशतके चाललेली ही बंदूक. लांब जाड नळी, सडपातळ लाकडी दस्ता आणि दोहोंना एकत्र बांधणारे चामड्याचे, तारेचे किंवा धातूच्या पट्टीचे वेढे. पेटता तोडा कानात टेकला की दारू पेटे.

चामड्याचा वेढा ही त्या काळाची बैठक होती. ओले चामडे आवळून बांधायचे आणि वाळू द्यायचे. वाळताना ते आखडते आणि नळी लाकडाला घट्ट धरते. सैल पडले तर पुन्हा बांधायचे. उपाय साधा होता आणि त्या बंदुकीला पुरेसा होता, कारण या नळ्या बहुतेक आतून गुळगुळीत असत. गोळी नळीपेक्षा थोडी लहान असे आणि बाहेर पडेपर्यंत भिंतींवर आपटत जाई. गोळीचाच भरवसा नसेल, तर लाकडाच्या केसभर चुकीला कोण विचारतो?

४/
हीच गोष्ट समोरच्या फळीचीही होती. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोल्याच्या उत्तरेला, अकोट-तेल्हारा पट्ट्यातल्या आडगावच्या मैदानावर आर्थर वेलस्लीची फौज आणि नागपूरकर भोसल्यांची फौज भिडली. इंग्रजी कागदांतले 'अरगाव' ते हेच. दोनच आठवड्यांनी, १५ डिसेंबरला, गाविलगडही पडला आणि वऱ्हाडच्या राजकारणाचे पान उलटले.

कंपनीच्या पायदळाच्या हाती जी 'ब्राऊन बेस' बंदूक होती, तिच्या नळीचा व्यास सुमारे ०.७५ इंच आणि गोळीचा सुमारे ०.६९ इंच. मधे एवढी मोकळी जागा. शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरणे म्हणजे दैवावर हवाला. म्हणून ती बंदूक एकट्याची नव्हतीच. ती रांगेची होती. शेकडो नळ्या एकाच वेळी झडायच्या आणि समोरची रांग विरळ व्हायची. आडगावला एकेकट्याचा नेम कुणी मोजला नाही. मोजली ती शिस्त, आणि तोफा.

५/
नळीच्या आत पीळ आला आणि चित्र पालटले. गोळी त्या पिळात घट्ट बसून स्वतःभोवती फिरत बाहेर पडू लागली. फिरणारा भोवरा जसा उभा राहतो, तशी फिरणारी गोळी आपली दिशा धरून ठेवते. १८५३ च्या एनफिल्ड रायफलीने हे सामान्य शिपायाच्या हाती दिले. जिथे पूर्वी शंभर यार्ड ही सीमा होती, तिथे आता कित्येक शे यार्डांची भाषा सुरू झाली.

आणि याच क्षणी लाकूड महत्त्वाचे झाले. गोळी भरवशाची झाल्यावर उरलेली प्रत्येक चूक दिसू लागली. स्वच्छ कागदावरच शाईचा ठिपका दिसतो, तसे.

६/
उठाव मोडल्यानंतर सरकारने काय केले, हे इतिहासाच्या वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे. तोफखाना, डोंगरी तोफांचा अपवाद वगळता, हिंदी शिपायांच्या हातून काढून घेतला गेला. आणि बंदूक? १८५८ नंतर हिंदी पलटणींसाठी एनफिल्डसारखीच दिसणारी, पण आतून पीळ नसलेली बंदूक तयार करण्यात आली. बाहेरून तेच लाकूड, त्याच पट्ट्या, तोच डौल. आत मात्र गुळगुळीत नळी.

शिपायाला शस्त्र दिले गेले, पण त्यातला नेम काढून घेऊन. शस्त्राची अचूकता हा निव्वळ तांत्रिक गुण नसतो, याचे याहून उघड उदाहरण सापडणे कठीण.

७/
पुढे हे धोरण थोडे सौम्य झाले, तरी त्याचा गाभा टिकला : हिंदी सैन्य ब्रिटिश सैन्याच्या एक पिढी मागे. गोऱ्या पलटणींकडे मार्टिनी-हेन्री आली, तेव्हा हिंदी पलटणींना स्नायडर. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे बंद झाले. युरोपीयांना मात्र त्यातून सूट होती, आणि म्हणूनच हा कायदा राष्ट्रीय चळवळीला दीर्घकाळ खुपत राहिला.

त्याचा एक परिणाम क्वचितच सांगितला जातो. जिथे बंदूक बाळगणे अवघड, तिथे बंदूक घडवणारे आणि दुरुस्त करणारे हातही ओसरतात. लाकूड आणि पोलाद जुळवण्याची विद्या हळूहळू गावातल्या कारागिराकडून निघून पलटणीच्या कार्यशाळेत आणि सरकारी कारखान्यात गेली.

८/
आता या कथेची नायिका : .३०३. हा व्यास १८८८ च्या ली-मेटफर्डपासून आला, १८९५ मध्ये ली-एनफिल्ड झाली आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी तिचे आखूड रूप सिद्ध झाले. १९०७ चे 'मार्क ३' हे त्यातले सर्वाधिक प्रसिद्ध. कोलकात्याजवळ हुगळीकाठच्या ईशापूरच्या कारखान्यात त्याच सुमारास रायफली बनू लागल्या. महाराष्ट्रातील पोलीस चौकीपासून एनसीसीच्या कवायतीपर्यंत अनेक पिढ्यांनी जी 'थ्री-नॉट-थ्री' पाहिली, ती या घराण्यातली.

तिचे लाकूड ओळखीचे आहे. खांद्याचा दस्ता वेगळा, पुढचे लाकूड वेगळे, आणि ते पुढचे लाकूड नळीला जवळजवळ तोंडापर्यंत झाकून टाकते. हात भाजत नाही, संगिनीच्या झटापटीत नळीचे रक्षण होते. परंतु लाकूड जितके लांब, तितकी नळीला स्पर्श करण्याची ठिकाणे अधिक. आणि प्रत्येक स्पर्श नेमाच्या हिशेबात येतो.

९/
स्पर्शाने काय बिघडते? देवळातली घंटा वाजवून तिला हळूच बोट लावावे. नाद लगेच बदलतो.

रायफलीची नळी हीही एका टोकाला धरलेली पोलादी कांब आहे. काडतूस पेटले की ती थरथरते, तिचे तोंड वर-खाली हेलकावते. गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा सुमारे एक-दीड सहस्रांश लागतो; तेवढ्यात नळी नाचायला लागलेली असते. ब्रिटिश शास्त्रज्ञ मॅलॉक याने १९०१ मध्ये रायफलीच्या नळीच्या या कंपनांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता.

नळी थरथरते, ही अडचण नव्हे. प्रत्येक वेळी सारखीच थरथरली तर गोळी प्रत्येक वेळी एकाच जागी जाईल आणि माशी सरकवून ती जागा मध्यावर आणता येईल. अडचण तेव्हा, जेव्हा घंटेला कधी बोट लागते आणि कधी लागत नाही.

१०/
किती सूक्ष्म चूक किती महाग पडते, याचा ढोबळ हिशेब करता येतो. 'मार्क ३'ची नळी सुमारे ६४० मिलिमीटर लांब. नेम धरला तेव्हा नळीचे तोंड जिथे होते, त्यापेक्षा गोळी सुटण्याच्या क्षणी ते केवळ ०.१ मिमी वर कलले, असे समजू. ०.१ मिमी म्हणजे वहीच्या एका पानाची जाडी.

१०० मीटरवर गोळी साधारण १६ मिमी वर लागेल. ३०० मीटरवर ४७ मिमी.

एका पानाएवढी चूक, आणि लक्ष्यावर जवळजवळ पाच सेंटिमीटर. लाकडाच्या ऋतुमानातील हालचालीपुढे कागदाचे पान काहीच नाही.

११/
या कंपनाची एक गंमतही आहे. ली-एनफिल्डच्या नळीची थरथर अशी, की किंचित मंद गोळी थोडी उशिरा बाहेर पडे आणि तेवढ्यात नळीचे तोंड थोडे अधिक वर गेलेले असे. मंद गोळी अधिक खाली पडते. पण ती मुळातच अधिक वर रोखली गेल्याने लांब पल्ल्यावर फरक भरून निघे. म्हणूनच जवळच्या पल्ल्यावर सामान्य वाटणारी ही रायफल दूरच्या पल्ल्यावर अनेकदा अनपेक्षितपणे चांगली वागे.

यंत्रात दोष आणि गुण एकाच मुळातून येतात, त्याचे हे उत्तम उदाहरण.

१२/
आता बैठकीची ठिकाणे. 'मार्क ३'मध्ये पोलादी सांगाडा लाकडाच्या सपाटीवर बसतो. नळीच्या मुळाशी असलेला जाड भाग लाकडात टेकतो. सांगाड्यामागच्या दोन खांद्यांना लाकडातील दोन छोट्या भिंती अडवतात. गोळी सुटल्यावर मागे येणारा धक्का याच भिंती झेलतात. खालून एक मोठा स्क्रू सारे एकत्र आवळतो. मध्ये एक कडे नळीला स्प्रिंगच्या ताणाने खाली धरते. आणि पुढे, तोंडाजवळ, स्प्रिंगवर बसवलेली एक छोटी खुंटी नळीला खालून वर दाबत राहते.

म्हणजे कुठे धरायचे, कुठे ढकलायचे, कुठे मोकळे सोडायचे, याचा पूर्ण आराखडा. यातले एक ठिकाण बिघडले की बाकीची सगळी खोटी पडतात.

१३/
सर्वांत आधी बिघडतात त्या दोन भिंती. लाकूड सुकून आखडले की पोलादी खांदे आणि या भिंती यांच्यात फट पडते. आता प्रत्येक गोळीला सांगाडा आधी मागे सरकतो आणि मग भिंतीवर आदळतो. धक्का झेलण्याऐवजी हातोड्यासारखा बसतो. भिंत चेपते, फट वाढते, आणि एके दिवशी लाकूड शिरेच्या दिशेने मागून फाटते.

लाकूड अजून फाटलेले नसते, तेव्हाचा काळ अधिक फसवा. बाहेरून रायफल ठीक दिसते, पॉलिश चकाकते, स्क्रू आवळलेला असतो. पण प्रत्येक गोळीनंतर सांगाडा लाकडात थोड्या वेगळ्या जागी स्थिरावतो. सकाळी लावलेला नेम दुपारी खोटा ठरतो.

१४/
इथे प्रवेश होतो पलटणीतल्या आर्मररचा. इतिहासात सेनापतींची नावे राहतात, तोफा ओतणाऱ्यांची क्वचित राहतात, लाकूड घासणाऱ्याचे नाव कुठेच राहत नाही.

त्याची रीत घरगुती वाटावी इतकी साधी होती. दिव्याची काजळी तेलात कालवून पोलादाच्या पृष्ठाला पातळ फासायची. नळी-सांगाडा लाकडात बसवायचा, हलकेच ठोकायचा आणि सरळ वर उचलून काढायचा. जिथे लाकूड पोलादाला टेकले, तिथे काळा ठसा उमटतो. ठसा नको तिथे असेल तर तेवढाच भाग पटाशीने किंवा कानशीने उतरवायचा. पुन्हा काजळी, पुन्हा ठसा. असे वीस-पंचवीस वेळा. घाईने एकदा जास्त लाकूड निघाले तर ते परत येत नाही.

१५/
चेपलेल्या भिंतीवरचा उपायही सुतारकामाच्या जाणकाराला लगेच पटेल. खराब भाग चौकोनी कापून काढायचा आणि तिथे कठीण लाकडाचा तुकडा चिकटवायचा. मात्र असा, की धक्का त्याच्या आडव्या छेदावर यावा. लाकडाचा खांब उभा ओझे सहज पेलतो, तोच आडवा ठेवला तर चेपतो. तेच तत्त्व, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत.

ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याने अक्रोडाऐवजी तिथले मऊ लाकूड वापरायला घेतले, तेव्हा या जागी तांब्याचे तुकडे बसवले. ईशापूरच्या रायफलींत पुढच्या लाकडातून आरपार आडवा स्क्रू घातलेला आढळतो. लाकूड उभे फाटू नये म्हणून. शस्त्रसंग्राहक त्याला आजही 'ईशापूर स्क्रू' म्हणतात. एकाच रायफलीने प्रत्येक देशातल्या हवेशी आणि झाडांशी वेगळा तह केला.

१६/
लाकडाला पाणी पिऊ द्यायचे नसेल, तर त्याला आधी दुसरे काही पाजावे लागते. ली-एनफिल्डच्या लाकडासाठी सैन्याचे ठरलेले औषध होते जवसाचे कच्चे तेल. लाकूड त्यात मुरवायचे आणि पुढे शिपायाने ते वरचेवर हाताने चोळायचे.

विदर्भात जवस परका नाही. रब्बीत काळ्या जमिनीत निळ्या फुलांचे त्याचे शेत डोलते, घरोघरी त्याची चटणी होते. भाकरीबरोबर ताटात येणारे हे बी आणि रायफलीचे लाकूड यांचा असा संबंध आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. तेलाने लाकडाची तहान मंदावते, संपत नाही. म्हणून ते चोळणे हे कधीच पूर्ण न होणारे काम होते.

१७/
ही काळजी कुठे लागत असे, ते पाहावे. पहिल्या महायुद्धात पुण्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली. तिच्यात १०३ व ११० क्रमांकाच्या मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा पलटण होती. बसऱ्याची दमट उष्णता, तैग्रिस नदीचे पूर आणि वाळवंटाची भाजणारी कोरडी हवा, हे सारे एकाच मोहिमेत. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात यांतल्या मराठा पलटणींनी कुट-अल-अमाराचा वेढा सोसला.

लाकडाला फुगवून लगेच सुकवणारी याहून कठोर परीक्षा नसेल. तिथल्या शिपायाला नळी स्वच्छ ठेवायची आणि लाकडाला तेल द्यायचे, हे दात घासण्याइतके नित्याचे होते. त्या वेढ्यात माणसे उपासमारीने खंगली, हे सांगितलेच पाहिजे. लाकडाची गोष्ट त्यांच्या कष्टांपुढे लहान आहे.

१८/
पहिल्या महायुद्धातच एक गोष्ट उघड झाली होती. अमेरिकेत बनवून घेतलेली 'पॅटर्न १४' रायफल 'मार्क ३'पेक्षा जास्त नेमकी ठरली आणि लपून नेम साधणाऱ्या शिपायांसाठी तीच निवडली जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात 'नंबर ४' आली. तिची नळी जाड, बांधणी भक्कम. कारखान्यात चाचणीला उत्तम ठरलेल्या रायफली बाजूला काढून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूक-कारागिरांकडे पाठवल्या जात. तिथे दुर्बीण बसवली जाई आणि लाकडाची बैठकही नव्याने तपासली जाई.

साधी रायफल आणि निवडक रायफल यांतले अंतर बरेचदा पोलादात नसे. एका निवांत, अनुभवी हाताने लाकडाला दिलेल्या वेळेत असे.

१९/
युद्धानंतर रसायनशास्त्र मदतीला आले. इपॉक्सी राळ आणि काचेचे तंतू यांचा लगदा लाकडातल्या खाचेत भरायचा, पोलादाला मेणासारखा न चिकटणारा थर द्यायचा आणि सांगाडा त्यात बसवून ठेवायचा. राळ घट्ट झाली की पोलादाचा हुबेहूब साचा तयार. याला 'ग्लास बेडिंग' म्हणतात. काजळीने शंभर वेळा ठसे घेऊन जे साधायचे, ते एका रात्रीत.

पुढची पायरी, स्क्रूभोवती ॲल्युमिनियमच्या नळकांड्या बसवणे. स्क्रू आवळताना लाकूड चेपू नये, ताण धातूवर यावा, म्हणून. आणि बऱ्याच रायफलींत नळीला लाकडाचा स्पर्शच होऊ द्यायचा नाही, ती अधांतरी ठेवायची. नळी आणि लाकूड यांमधून कागदाची पट्टी मुळापर्यंत बिनअडथळा सरकली, तर नळी मोकळी. घंटेला बोट नाही.

२०/
यावर दोन मते आहेत आणि दोन्ही खरी आहेत. जाड नळीला मोकळे सोडावे. ती स्वतःच पुरेशी ताठ असते. पातळ नळीला तोंडाजवळ मोजका, कायमचा दाब द्यावा. तिची थरथर एका ठिकाणी बांधली जाते. ली-एनफिल्डची रचना दुसऱ्या मताची. तिच्या नळीखालचा दाब काढून टाकून तिला 'आधुनिक' करणाऱ्या अनेक हौशी लोकांनी ती आणखी बिघडवली.

जुन्या वस्तूला तिच्याच तर्काने समजून घ्यावे, हा इतिहासाच्या अभ्यासाचा नियम इथे अक्षरशः लागू पडतो.

२१/
बैठक बिघडली आहे की नेमबाज, हे लक्ष्याच्या कागदावर वाचता येते. गोळ्या सगळीकडे विखुरल्या, तर श्वास, चाप किंवा काडतूस यांचा संशय घ्यावा. नळी तापत गेली तशा गोळ्या एका रेषेत वर चढत गेल्या, तर लाकूड कुठेतरी नळीला दाबत आहे. आणि गोळ्या दोन वेगळ्या घट्ट गटांत पडल्या, कधी इथे, कधी तिथे, तर सांगाडा लाकडात दोन जागा बदलतो आहे.

एक दंडक मात्र पक्का : नळी आणि काडतूस चांगले असल्याशिवाय बैठकीला दोष देऊ नये. अकोल्याहून मुंबईकडे जाताना भुसावळच्या अलीकडे लागणाऱ्या वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसे बनतात. प्रत्येक काडतूस दुसऱ्यासारखे असणे, हीदेखील नेमाचीच अर्धी बाजू आहे.

२२/
तरुण वाचकांसाठी एक स्पष्ट सूचना. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात बदल करण्याचा व्यवसायही परवान्याशिवाय करता येत नाही. वर सांगितलेली माहिती समजून घेण्यासाठी आहे, घरी करून पाहण्यासाठी नाही. ज्यांना प्रत्यक्ष शिकायचे आहे, त्यांच्यासाठी एनसीसी आणि मान्यताप्राप्त नेमबाजी संस्था हीच वाट.

२३/
आता 'एक पिढी मागे' या धोरणाकडे परत यावे लागते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेऊन आलेल्या हल्लेखोरांसमोर काही पोलिसांच्या हाती .३०३ रायफली होत्या. त्या रात्रीचा प्रश्न बैठकीचा नव्हता. तो काळाचा होता. दर गोळीमागे हाताने खिट्टी ओढायची रायफल आणि सलग झाडणारे शस्त्र, यांत बरोबरी होऊ शकत नव्हती.

१८५८ मध्ये परक्या राज्याने शिपायाचा नेम संशयापोटी काढून घेतला. दीडशे वर्षांनंतर आपल्याच राज्यात तो दुर्लक्षापोटी मागे राहिला. कारणे वेगळी, पण उभे राहणाऱ्या माणसाला दोन्ही वेळी सारखेच भोगावे लागले.

२४/
या कथेला दुसरे टोकही आहे आणि ते आनंदाचे आहे. २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवले. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह ऑलिंपिक कांस्यपदक जिंकले. १९५२ च्या हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

५० मीटरवरच्या त्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचे असते, शर्टाच्या बटणाएवढे. पूर्वीच्या हिशेबातले वहीचे पान आठवावे : तेवढी चूक इथे जवळजवळ ८ मिमी होते. अशा स्पर्धेच्या रायफलींत आता लाकडाऐवजी बहुधा ॲल्युमिनियमचा दस्ता असतो. पण प्रश्न तोच आहे, जो काजळी फासणाऱ्या आर्मररपुढे होता : पोलाद प्रत्येक वेळी त्याच जागी बसते का?

२५/
संग्रहालयात काचेमागे जुनी रायफल दिसली, तर बहुतेक जण नळी पाहतात, वर्ष पाहतात, कारखान्याचा शिक्का पाहतात. एकदा लाकडाकडे पाहावे. मागच्या कडेला चिकटवलेला वेगळ्या रंगाचा चौकोनी तुकडा, आडव्या स्क्रूचे गोल टोक, तळव्याच्या घामाने आणि जवसाच्या तेलाने काळवंडलेली जागा. तो तुकडा कोणी बसवला, त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. पण काम इतके नेमके झाले आहे, की आज शंभर वर्षांनंतरही सांध्यात नख जात नाही.

नाव नसलेल्या माणसाची ती सही आहे, असे समजायला हरकत नाही. #धागा_समाप्त